राब या शब्दाखालची तळटीप

शमुवेलकाका,

तुमच्या स्मरणसभेत चार जण बोलले आणि चौघांनीही तुम्हाला ‘शांत स्वभावाचे’ म्हटलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. इथे अमेरिकेत, बॉथेलच्या वाचनालयातल्या छोट्या खोलीत दर गुरुवारी जो माणूस एकेका अनुस्वारावरून माझ्याशी भांडायचा, तो हाच का, असा प्रश्न मला पडला. तेवढ्यात रूथने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तुमची मुलगी रडत होती, पण ‘शांत’ या शब्दावर तिचीही भुवई वर गेलेली होती. चौथ्या वक्त्याने तुम्हाला ‘दोन संस्कृतींमधला सेतू’ केलं. सेतू म्हटलेल्या माणसावरून सगळे चालत जातात, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. त्यामुळे मला मध्येच हसू आलं आणि शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला.

त्याला आज बारा दिवस झाले. तुमच्या आयुष्याची माहिती लिहिण्याचं काम मी चर्चच्या पत्रिकेवर सोडलं आहे. त्यात तुमची जन्मतारीख चुकली आहे, पण ते तुमच्या सवयीचं असेल. मला तळटिपेबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या पुस्तिकेतली एक तळटीप अर्धी राहिली होती. तिच्यात तुमच्या पणजोबांचं नाव घालायचं की नाही, यावर आपण थंडीचे सगळे महिने भांडलो. तुम्ही घाला म्हणत होतात, मी नको म्हणत होते. आता फाईल सोमवारी छापायला जाणार आहे आणि भांडायला समोर कोणी नाही. भांडण असं जिंकण्यात काही अर्थ नसतो.

आपली ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली, हे मी स्मरणसभेत सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. आरतीच्या आधी सेक्रेटरींनी गंभीर चेहऱ्याने एक कागद वाचला: आपण जिथे उभे आहोत ती जमीन इथल्या मूळ लोकांची आहे, त्यांच्याकडून ती घेतली गेली, त्यांचं ऋण आपण नम्रपणे मान्य करतो. जमातींची नावं वाचताना ते तीनदा अडखळले. मग त्याच कागदाची दुसरी बाजू उलटून, त्याच आवाजात ते म्हणाले, “कृपया शेजारच्या लॉटमध्ये गाड्या लावू नयेत. तो प्रायव्हेट आहे. टो होतील.”

माझ्या मागून एक म्हातारा आवाज अगदी साधेपणाने म्हणाला, “मग मूळ लोकांनी गाडी कुठे लावायची?”

मी वळून पाहिलं. कोट, मफलर, हातात मोदकाची प्लेट. तुम्ही म्हणालात, “मी साळवे. नगरचा. ख्रिस्ती आहे, पण मोदकाला हरकत नाही.” मी म्हटलं, “मी कुलकर्णी. पुण्याची. काहीच नाही, पण मोदकाला माझीही नाही.” तेव्हापासून मी तुमच्यासाठी ‘कुलकर्णीबाई’ झाले. निवृत्त शिक्षक असल्यामुळे तुम्ही ‘बाई’ हा शब्द हजेरी घेतल्यासारखा उच्चारायचात.

दोन आठवड्यांनी तुमचा फोन आला. तुमच्या चर्चमध्ये डॉरथी नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाई होत्या. त्यांचे पणजोबा अमेरिकन मिशनरी. इंग्रजी राज्यात ते तुमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटाच्या कडेला, ठाकर आदिवासींच्या वस्त्यांमध्ये बरीच वर्षं राहिले होते. त्यांच्या कागदांची एक पेटी डॉरथींच्या गॅरेजमध्ये होती, आणि त्यातले निम्मे कागद ‘इंडियन’ भाषेत होते. चर्चच्या वर्धापनदिनासाठी साहेबांवर एक पुस्तिका काढायची होती. ‘आदिवासींचा मित्र’ असं काहीतरी नाव ठरलंसुद्धा होतं. मजकूर यायचा होता.

“माझे डोळे नीट चालत नाहीत,” तुम्ही म्हणालात. “तुमची अक्कल चालेल.”

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. मिशनरी, समाजसेवक आणि पुतळा होण्याच्या बेतात असलेली सगळी माणसं यांच्याबद्दल मला मुळातच संशय आहे. हे मी तुम्हाला पहिल्याच गुरुवारी स्पष्ट सांगितलं. तुम्ही थर्मासमधला चहा टेबलाखाली ओतत होतात, कारण वाचनालयात चहाला मनाई आहे. “उत्तम,” तुम्ही म्हणालात. “भक्त नकोच आहे मला. भक्त टाईप करताना चुका करतात.”

आपण सुरुवात एका अर्जापासून केली. जाड, पिवळा कागद, मराठी मजकूर. घाटाखालच्या एका गावच्या ठाकरांनी कलेक्टरला केलेला. जंगल राखीव झालं होतं, रखवालदार बसले होते. अर्जातलं मुख्य वाक्य मला अजून पाठ आहे: आमचा राब बंद झाला आहे, राबाशिवाय आम्ही खाणार काय, तरी राब पूर्ववत चालू करण्याची मेहेरबानी व्हावी.

मी ते इंग्रजीत केलं. राब म्हणजे राबणं, कष्ट, मजुरी. आमची मजुरी बंद झाली आहे, ती परत द्या. तुम्ही ऐकलंत, डोळे मिटून मान हलवलीत, म्हणालात, “छान. साधं आहे.” मग पेटीत त्याच अर्जाची त्या काळी केलेली इंग्रजी प्रत सापडली, जिची स्वच्छ प्रत खरोखर कलेक्टरकडे गेली होती. तिच्यातही ‘लेबर’ हाच शब्द. माझं भाषांतर आणि ते भाषांतर जवळजवळ शब्दाला शब्द जुळलं. मी खूश झाले. “मॅच,” मी म्हटलं. “टेस्ट पास.” तुम्ही मला थर्मासच्या झाकणातून चहा दिलात, बक्षीस म्हणून.

साहेबांचं पहिलं पत्रही मिळालं, अमेरिकेतल्या मंडळींना लिहिलेलं. त्यात विजयाचा आनंद भरून वाहत होता. सरकारने अर्जाचा सहानुभूतीने विचार केला होता. ठाकरांना उन्हाळाभर घाटरस्त्यावर खडी फोडायचं काम मंजूर झालं होतं, बायकांनासुद्धा. न्यायाची पहाट, अंधारातल्या लोकांचा आवाज, वगैरे. चर्चच्या कमिटीला ते पत्र फार आवडलं. त्यांनी पुस्तिकेचा शेवट तिथेच करायचा ठरवला. मी रूथला म्हटलं, इतका गोड शेवट असेल तर पुढे काहीतरी बिनसलेलं असणार. रूथ म्हणाली, “मावशी, इट्स अ ब्रोशर. उगाच बग्ज शोधू नका ना.”

दुसरं पत्र पेटीच्या तळाशी, घड्या घालून ठेवलेलं होतं. तो गुरुवार मला नीट आठवतो. बाहेर बॉथेलचा तो नेहमीचा पाऊस, जो पडत नाही, नुसता हवेत उभा असतो. मी वाचत होते आणि तुम्ही ऐकत होतात. साहेबांनी लिहिलं होतं की पावसाळा लागला तेव्हा ठाकरांची शेतं तयार नव्हती. त्यांनी विचारलं, तर एका म्हातारीने त्यांना हाताला धरून शेतात नेलं आणि मूठभर जुनी राख त्यांच्या हातावर ठेवली. हा राब, म्हणाली.

मी थांबले. मग तुम्ही तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावलात. तो त्याच भागात नोकरीला होता आणि तिथे सकाळ होती. त्याने हसत हसत सांगितलं. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत जमिनीवर रचून भाजायचं. त्या भाजलेल्या तुकड्यात भाताचं, नागलीचं रोप तयार करायचं आणि पाऊस लागला की उपटून लावायचं. तो भाजलेला तुकडा म्हणजे राब. रखवालदारांनी फांद्या तोडू दिल्या नाहीत म्हणून राब बंद झाला होता. ठाकर सरकारकडे पाला मागत होते. सरकारने त्यांना खडी फोडायला लावली, आणि तीही नेमकी राब भाजायच्या दिवसांत. ज्यांचा राब अडला होता, त्यांना मदत म्हणून राबायला नेलं.

“काय सर, एवढं माहीत नाही?” फोनवरून तुमचा विद्यार्थी म्हणाला.

“आम्ही बाजरीवाले,” तुम्ही म्हणालात. “आणि समोर बसलेल्या बाई पुण्याच्या. त्यांना तांदूळ दुकानात येतो एवढंच माहीत आहे.”

फोन ठेवल्यावर तुम्ही चहाचं झाकण बाजूला सारलंत. मग म्हणालात, “कुलकर्णीबाई, इतक्या वर्षांनी, इतक्या लांब येऊन, आपण तीच चूक पुन्हा केली. आणि जुळली म्हणून चहा प्यालो.”

माझ्या धंद्यात याला नाव आहे. तपासणारा आणि करणारा एकाच गैरसमजात असले की सगळ्या चाचण्या पास होतात. मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, “आमच्यात याला कमिटी म्हणतात.”

साहेबांबद्दल माझं मत त्या पत्रानंतर बदललं, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तुम्हाला ते कळलं होतं, पण कबुली द्यायचं मी टाळलं. विजयाचं पत्र लिहिणारा माणूस मला रोज भेटतो, ऑफिसात त्याला बढती मिळते. पण ज्यांना विजय कळवला त्याच लोकांना, त्याच पत्त्यावर, मी चुकलो आणि माझ्यामुळे लोक उपाशी राहिले असं कळवणारा माणूस मी फारसा पाहिलेला नाही. पुढे ते राबासाठी वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. कलेक्टर बदलत गेले, उत्तरं तीच राहिली. शेवटी काही झाडांच्या फांद्या तोडायची अर्धीमुर्धी परवानगी मिळाली. ते कळवणाऱ्या पत्रात मात्र पहाट वगैरे काही नाही. कोणत्या झाडाच्या किती उंचीवरच्या फांद्या, एवढंच आहे. मला ते त्यांचं सगळ्यात चांगलं पत्र वाटतं. तुम्हाला ते रुक्ष वाटायचं. यावरही आपलं एकमत व्हायचं राहिलं.

आणि ते भावाला लिहिलेलं पत्र. तुम्ही ते मला दोनदा वाचायला लावलंत. साहेबांचा धाकटा भाऊ त्याच सुमारास इकडे, या आपल्याच दरीत, सरकारकडून जमीन घेऊन शेती करायला आला होता; पुढे साहेबांची मुलंही त्याच्याकडेच येऊन राहिली. साहेबांनी त्याला हवापाणी विचारलं, गाईंची चौकशी केली आणि मग मध्येच, काही प्रस्तावना न करता, विचारलं: तुझ्या या जमिनीवर तुझ्याआधी कोण राहत होतं, आणि ते आता कुठे आहेत?

आपण डॉरथींना विचारलं, भावाचं उत्तर आहे का? त्या आपल्याला त्यांच्या स्वयंपाकघरात केक वाढत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “आमच्या घरात सगळी पत्रं जपून ठेवली आहेत. तेवढं एक नाही.” मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, “ती शेती म्हणजे हेच. हे घर.”

तिथे कोणीही भाषण केलं नाही. तुम्ही केकचा दुसरा तुकडा मागितलात. परत येताना गाडीत मी म्हटलं, “काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत.” तुम्ही म्हणालात, “त्या बोलल्या ना. आपण कशाला मध्ये?” आठवड्याभराने डॉरथींनी कमिटीला कळवलं की दुसरं पत्र आणि भावाचं पत्र दोन्ही छापायचं, नाहीतर पेटी परत द्या. कमिटीने सुस्कारा सोडला आणि नाव बदललं. ‘आदिवासींचा मित्र’ गेला. आता मुखपृष्ठावर नुसतं ‘पत्रं’ आहे.

मग आलं तळटिपेचं. दुसऱ्या पत्रात साहेबांनी लिहिलं होतं की चूक सर्वस्वी माझी. आपणही तसंच टाईप केलं होतं. एका गुरुवारी तुम्ही घरातली जन्ममृत्यूच्या नोंदींची जुनी वही घेऊन आलात. ती नगरहून इथपर्यंत कपड्यांत गुंडाळून आणली होती. तुम्ही ती अर्जाशेजारी ठेवलीत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. ‘ठ’ची गाठ तीच, ‘र’ची शेपटी तीच. मराठी अर्ज आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, दोन्ही तुमच्या पणजोबांच्या हातचं होतं. यशवंत मास्तर. मिशनच्या शाळेत शिकलेले, साहेबांबरोबर घाटाकडे गेलेले आणि ठाकरांच्या वस्तीत शाळा काढलेले. तेही तुमच्यासारखेच बाजरीवाले.

“तळटिपेत त्यांचं नाव घाला,” तुम्ही म्हणालात. “भाषांतर यशवंत मास्तरांचं. चूक त्यांची.”

मी नाही म्हटलं. सही साहेबांची होती, जबाबदारी साहेबांनी घेतली होती. ज्याच्या नावाचा पत्रावर शिक्का, त्याचीच चूक. “आणि काका, हे कोण वाचणार आहे? चर्चमधली माणसं. त्यांच्या लक्षात एकच राहील: साहेब चांगला होता, नेटिव्ह चुकला. तुम्ही स्वतःच्या पणजोबांना आणून त्या खुर्चीत बसवताय.”

तुम्ही चिडलात. तुमचा चिडलेला आवाज उलट खाली यायचा, हे मला तोपर्यंत कळलं होतं. “म्हणजे गोऱ्याला चूक करायचाही मान आणि कबूल करायचाही मान? आणि माझा पणजोबा पेटीत. तुम्ही सगळे आम्हाला एक तर उद्धरलेले म्हणून दाखवता, नाहीतर दाखवतच नाही. आमच्या माणसाला निदान एकदा चुकू तरी द्या, बाई.”

“मी ‘तुम्ही सगळे’ नाहीये.”

“तुमचे पणजोबा काय करत होते त्या काळी?”

“मामलेदार कचेरीत कारकून होते.”

“म्हणजे हा अर्ज त्यांच्याच टेबलावरून गेला असता.”

“गेला नसता,” मी म्हटलं. “अर्ज दाबून ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरत नव्हतं. घरात अभिमानाने सांगतात.”

तुम्ही हसलात. आधी नाकातून, मग खोकला लागेपर्यंत. खोलीच्या काचेवर टकटक करून वाचनालयाच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पण तुम्ही बधला नाहीत आणि मीही नाही. पुढचे सगळे गुरुवार आपण बाकीचं काम करायचो आणि शेवटची दहा मिनिटं तळटिपेसाठी राखून ठेवायचो, जेवणानंतरच्या सुपारीसारखी. नाताळात तुम्ही करंज्यांचा डबा आणलात आणि झाकणाखाली चिठ्ठी: यशवंत मास्तरांच्या पणतूकडून, त्यांचं नाव गाळू पाहणाऱ्या बाईंना. करंज्या उत्तम होत्या. मी संक्रांतीला डबा परत केला तेव्हा तिळाच्या वड्यांखाली चिठ्ठी ठेवली: गोड बोलते आहे, पण नाव गाळणार.

शेवटच्या गुरुवारी तुम्ही थकलेले दिसत होतात. रूथ न्यायला आली तेव्हा कोट चढवताना म्हणालात, “तुम्ही माझी काळजी करताय, हे मला कळतं. लोक मास्तरांना हसतील म्हणून. पण माझी एक अडचण समजून घ्या. नगरच्या घरात त्यांचा फोटो नाही. थडग्यावरची अक्षरं गेली. त्यांनी केलेली आणि मला सापडलेली एकच गोष्ट ही आहे.” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, “पुढच्या गुरुवारी.” मंगळवारी सकाळी रूथचा फोन आला. झोपेतच गेलात, चेहरा अगदी स्वस्थ होता, असं तिने सांगितलं. मी तिला विचारलं नाही, पण मला वाटतं तुमच्या डोक्यात माझ्या उत्तरावरचं उत्तर तयार असणार.

तुमच्याजवळ जे बोलायचं राहिलं ते फार मोठं नाही. मला हसतखेळत वाद घालायला माणूस मिळाला होता. परदेशात येऊन सव्वीस वर्षं झाल्यावर अशी ओळख होते, ही साधी गोष्ट नाही. मंडळात सगळे माझ्याशी सहमत असतात, कारण त्यांना घरी जायचं असतं. तुम्हाला कुठे जायचं नसायचं. त्या दोन तासांत आपण दोघं घाटाखालच्या एका गावात असायचो, जे आपण दोघांनीही पाहिलेलं नाही. मला ते दिवस फार आवडले. एवढंच.

पण काका, आता ऐका. काल एक निरोप आला.

तुम्ही गेल्या महिन्यात त्या विद्यार्थ्याच्या ओळखीने घाटाखालच्या गावातल्या शाळेच्या गुरुजींना विचारलं होतं, तुमच्या गावात हा अर्ज कोणाला आठवतो का. गुरुजी स्वतः ठाकर आहेत. त्यांनी तुमच्या फोनवर आवाजात उत्तर पाठवलं. रूथने ते मला ऐकवलं. आम्ही दोघी तुमच्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून ऐकत होतो. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं, म्हणून सुरुवातच अशी होती: “काका, नमस्कार. तब्येत बरी असेल. उशीर झाला, परीक्षा होत्या.”

गुरुजींनी चार म्हाताऱ्यांना विचारलं. साहेब कोणालाही आठवत नाहीत. यशवंत मास्तर तर नाहीतच. आपल्या मिशनरीची ही सगळी धडपड, आपले हे सगळे गुरुवार, त्या गावात याची एक ओळसुद्धा नाही. “रस्ता मात्र आठवतो,” गुरुजी म्हणाले. “तो आमच्या लोकांनी फोडलेल्या खडीचा आहे, असं सगळे सांगतात. त्या वर्षी नागली झाली नाही, कंदमुळं खाल्ली, तेही सांगतात. का झाली नाही, ते तुमच्या निरोपावरून आत्ता कळलं.” मग ते थोडे हसले. “राब अजून भाजतो आम्ही. आता येतीलच दिवस. शाळेत धूर येतो.”

रूथला वाटलं निरोप संपला. पण नव्हता. गुरुजी म्हणाले, “एक विचारायचं होतं. अर्ज आमच्या लोकांनी केला म्हणता. मग खाली नावं असतील ना? अंगठे तरी असतील. ती पाठवता का?”

मी घरी आले आणि अर्जाचा फोटो उघडला. आपण त्या कागदाचं अक्षर न् अक्षर तपासलं होतं. एका ‘ठ’च्या गाठीवर अख्खा एक गुरुवार घालवला होता. आणि माझ्या टाईप केलेल्या प्रतीत मजकुराच्या शेवटी मी काय लिहिलं आहे, सांगू? ‘खाली अंगठे.’ संपलं. तुम्ही ते तीनदा ऐकलंत आणि मान्य केलंत. इंग्रजी प्रतीत यशवंत मास्तरांनी ‘आणि इतर’ लिहिलं, साहेबांच्या पत्रात ते ‘माझे लोक’ झाले. चूक कोणाची, हे ठरवण्यात आपण सगळे इतके गुंतलो होतो की चूक ज्यांच्यावर झाली त्यांची नावं वाचायची कोणी तसदी घेतली नाही. या पत्रात मी दोन हजार शब्द लिहिले, त्यातही ती अजून आलेली नाहीत.

नऊ अंगठे आहेत. प्रत्येकाशेजारी मास्तरांच्या अक्षरात ‘निशाणी अंगठा’ आणि नाव. बुधा मेंगाळ. लखमा पारधी. काळू उघडे. धाकट्या पारधी. चिमी, काळूची भावजय. राघो मेंगाळ. नावजी खडके. आठवं नाव शाई पसरून बिघडलं आहे, सोमा की गोमा ते कळत नाही. तुम्ही भिंग लावून सांगितलं असतं. नववी, भागी उघडे. एका बाजूला, सगळ्यांपेक्षा ठळक उठलेला अंगठा.

मी गुरुजींना यादी पाठवली, तुमची बातमीही कळवली. आठव्या ठिकाणी लिहिलं, सोमा किंवा गोमा. त्यांनी दोन ओळींत दुःख कळवलं. मग लिहिलं, “दोन्ही नावांची घरं आहेत इथं. दोन्ही वाचतो.”

तर आता तळटीप. बऱ्याच खाडाखोडीनंतर ती अशी झाली आहे: ‘राब म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा भाजून तयार केलेली जमीन. या अर्जाच्या भाषांतरात तिची मजुरी झाली. भाषांतर यशवंत मास्तर यांचं, सही मिशनरींची. चूक अर्ज लिहिणाऱ्यांची आहे. अर्ज करणाऱ्यांनी बरोबरच सांगितलं होतं.’

म्हणजे मास्तरांचं नाव घातलं आहे. तुमचं खरं झालं. भाषांतर मीही तसंच केलं होतं, तेव्हा लिहिणाऱ्यांमध्ये मी गुपचूप स्वतःलाही धरलं आहे.

नऊ जणांची नावं तळटिपेत नाहीत. ती वर घेतली आहेत, मजकुरात.